अडीच वर्षांच्या हातांना पाटी-पेन्सिलीआधी काय द्यावं? सोलापूरच्या एका खेळगटातून

अंगणातली_ताई | रविवार, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या पूर्व भागात एक लहानसा खेळगट चालवते. दोन ते साडेतीन वर्षांची सोळा मुलं, मी आणि एक मावशी. बऱ्याच मुलांच्या घरी कुणी ना कुणी यंत्रमागावर आहे, नाहीतर आई-आजी विड्या वळतात. घरात तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, गल्लीत मराठी आणि हिंदी.

गेल्या शनिवारी पालकसभा झाली. एका बाबांनी मुलीची वही उघडून माझ्यापुढं धरली. "ताई, चार महिने झाले, एक अक्षर नाही यात. फी कशाची भरतोय आम्ही?" त्यांचा राग मला कळतो. रात्रपाळी करून ते मुलीला शिकवायला निघालेत. पण त्या वेळी मला त्यांना नीट उत्तर देता आलं नाही, आणि ते मनाला लागून राहिलंय. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एवढंच आहे. या वयाच्या हाताला आधी पीठ, माती, पाणी, कापड मिळायला हवं. मळायला, पिळायला, चिमटीत धरायला, ओतायला. बोटांत जोर तिथूनच येतो आणि अक्षर त्या जोरावर निघतं. आणि या सगळ्यासाठी बाजारातून काही आणावं लागत नाही.

आमच्याकडं सगळ्यात जास्त चालते ती ज्वारीच्या पिठाची उकड. जुनं, विरी गेलेलं पीठ घराघरातून मिळतं, कारण त्याची भाकरी थापताना चिरते आणि ते कुणालाच नको असतं. पातेल्यात वाटीभर पाणी उकळायचं, त्यात तेवढंच पीठ टाकून झाकण ठेवायचं, कोमट झालं की मळून प्रत्येकाला मोठ्या लिंबाएवढा गोळा. गोळ्याचं काय करायचं हे सोलापूरच्या लेकराला सांगावं लागत नाही. ते थापायलाच लागतं.

परवा एक मुलगी दोन्ही तळव्यांनी थापत होती. थप, थप. मधेच थांबली. एका हातानं थापून बघितलं, आवाज वेगळा आला. परत दोन्ही हात. मग वाकून कान गोळ्याजवळ नेला. कडेनं भेगा पडायला लागल्या तसं तिनं बोट शेजारच्या वाटीतल्या पाण्यात बुडवलं आणि भेगेवरून हळूच फिरवलं. मी तिला हे दाखवलं नव्हतं. आई भाकरीच्या कडेला पाण्याचा हात लावते, ते तिनं बघून ठेवलंय. पाव तास ती तिथून उठली नाही. वर्गात गाणं चालू झालं तरी नाही.

आणखी एक सांगते, कारण मी त्यातून शिकले. याच उकडीच्या वेळी एक मुलगा गोळा वर धरून सारखा "पिंडी, पिंडी" म्हणत होता. गोळा होताही उभट. मला वाटलं सिद्धेश्वराच्या देवळातली पिंड म्हणतोय. मी कौतुकानं म्हटलं, "हो रे, महादेवाची पिंडी! नमस्कार कर." तो माझ्याकडं बघतच राहिला. चार दिवसांनी त्याची आजी न्यायला आली, तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "ताई, आमच्यात, तेलुगूत, पिठाला पिंडी म्हणतात." चार महिने जे मूल वर्गात तोंड उघडत नव्हतं, त्यानं हाताला पीठ लागल्यावर आपणहून पहिला शब्द उच्चारला होता, आणि मी तो ओळखला नाही. तेव्हापासून मी पीठ, पिंडी, हिट्टु, आटा हे चारही शब्द म्हणते. पाणी, नीळ्ळु, नीरु तसंच. आता तो मला मराठी शब्द विचारतो.

दुसरा खेळ टॉवेल पिळण्याचा. टेरी टॉवेलचे हातरुमालाएवढे तुकडे, दोन घमेली, एकात चार तांबे पाणी. भिजवायचं, दुसऱ्या घमेल्यात नेऊन पिळायचं. सुरुवातीला मुलं नुसतं दाबतात. दोन मनगटं उलटसुलट फिरवून पिळा द्यायला महिना-दोन महिने लागतात. ज्या दिवशी तो पिळा जमतो त्या दिवशी मूल स्वतःच ओरडून सांगतं. पाणी शेवटी कुंड्यांना जातं. आमच्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळं मला टब भरभरून पाण्याचे खेळ घेता येत नाहीत, आणि घ्यावेसेही वाटत नाहीत.

तुम्ही काय करता? घरी, वर्गात, अंगणवाडीत. कमी पाण्यात, कमी खर्चात. आणि त्या बाबांना काय सांगू?

शेंगाचटणी | रविवार, दुपारी १२:१५

ताई, डोळ्यांपुढं उभं राहिलं सगळं. मी मूळची सोलापूरचीच, आता पुण्यात.

माझा प्रश्न वेगळा आहे. मुलगा दोन वर्षं आठ महिन्यांचा. हाताला काही चिकट लागलं की रडून गोंधळ घालतो. वरण-भात हातानं खात नाही, वाळूत पाय टाकत नाही. त्याच्या पाळणाघरात "बोटांनी रंगवा" असा दिवस होता. तिथं त्याचा हात धरून रंगात बुडवला. त्यानंतर पंधरा दिवस तो त्या दारातून आत जायला तयार नव्हता. नुसता फोटो हवा होता सगळ्यांना. मला तेव्हापासून अशा खेळांचीच धास्ती बसलीय. काय करावं?

कांडीवाला | रविवार, दुपारी ३:०५

ताई, मी चाळीस वर्षं मागावर काढली, आता नातवंडं सांभाळतो. दोन गोष्टी सांगतो.

एक, खळ. मागावर ताणा, म्हणजे उभं सूत, चढवायच्या आधी सुताला खळ लावतात, म्हणजे ते ताठ होतं, मागावर तुटत नाही. त्याला पांजणी म्हणतात. तीच खळ लेकरांना डिंक म्हणून द्या. दोन चमचे मैदा आधी गार पाण्यात कालवून घ्यायचा, गुठळी राहता कामा नये, मग वाटीभर उकळत्या पाण्यात सोडून ढवळत राहायचं. पांढरं पीठ काचेसारखं झालं की उतरवा. बाजारचा डिंक कशाला? चाटलं तरी भीती नाही.

दोन, चिंध्या. चादरीच्या आणि टॉवेलच्या कारखान्यात कडा कापल्या जातात, त्या पोत्यानं पडून असतात. मागितल्या तर कुणी नाही म्हणत नाही. आमच्या नातीला मी भाजीचा प्लास्टिकचा क्रेट उभा करून दिला. जाळीच्या भोकातून चिंधी आत घालायची, पलीकडून ओढायची. एक वर, एक खाली असं काही सांगितलं नाही. ती नुसती आत-बाहेर करते. पण परवा तिनं लाल चिंधीच्या शेजारी लाल, हिरवीच्या शेजारी हिरवी लावली. माझ्या बापानं मला धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत नेणारं लाकूड, हातात दिला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. ही अडीच वर्षांची.

सोलापूरची चादर आणि टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. ते कापड आपल्या लेकरांच्या हाताला लागलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मुलांचा_डॉक्टर | रविवार, रात्री ९:३०

धागा वाचून आनंद झाला. मी याच जिल्ह्यात बालरोगतज्ज्ञ आहे. थोडं सविस्तर लिहितो.

आधी त्या बाबांसाठी. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेचीच, म्हणजे मऊच असतात. पहिल्या वर्षात त्यातली दोन एक्स-रेवर दिसू लागतात, बाकीची एकेक करत पुढच्या वर्षांत, आणि शेवटचं हाड दिसायला आठ ते बारा वर्षं लागतात. पकडही टप्प्याटप्प्यानंच येते. दीड-दोन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं. पुढं बोटं खडूच्या टोकाकडं वळतात, पण हालचाल कोपरापासून होते. तीन बोटांची पकड बहुतेकांना साडेतीन-चारच्या पुढं जमायला लागते. त्याआधी रेघेवर अक्षर काढायला लावलं की मूल खांदा आणि मान आवळून काढतं. दहा मिनिटांत कंटाळतं आणि वहीचाच राग धरतं. पीठ मळताना आणि टॉवेल पिळताना जे स्नायू तयार होतात, तेच पुढं पेन्सिल धरतात.

आता काळजीचं. हे मी ओरडून सांगितलं तरी चालेल इतकं महत्त्वाचं आहे.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात शेंगदाणा, हरभरा, वाटाणा, चिंचोका, मणी देऊ नका. ओंजळीत धान्य भरून खेळायचे व्हिडिओ सगळीकडं फिरतात, त्यात राजमा आणि मोठे मणी दिसतात. आपल्या सोलापुरात शेंगा घरोघरी असतात आणि श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा दुर्बिणीनं काढावा लागलेली मुलं मी पाहिली आहेत. खेळण्यांच्या तपासणीसाठी साधारण सव्वातीन सेंटिमीटर रुंदीची नळी वापरतात. जी वस्तू त्या नळीत मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, म्हणजे वस्तू नाण्यापेक्षा ठळकपणे मोठी हवी. चेंडूसारखी गोल वस्तू असेल तर साडेचार सेंटिमीटरच्या पुढं.

हरभरा, राजमा नाकात गेला की ओलाव्यानं फुगतो. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत काहीतरी आहे असं समजा, आणि घरी पिन किंवा चिमटा घालून काढायला जाऊ नका.

घशात अडकलं आणि मूल जोरानं खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर पुढं वाकवून पाठीत दोन खांद्यांच्या मधोमध तळव्यानं पाच वेळा ठोका. नाही निघालं तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच वेळा आत आणि वर दाबा. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर दाब द्यायचा नाही, त्याला छातीवर. आलटून पालटून करत राहा, दुसऱ्यानं १०८ लावावा. दिसत नसताना तोंडात बोट घालून शोधू नका, वस्तू आणखी आत जाते. मावशींनाही हे हातानं करून शिकवा.

पीठ कच्चं देऊ नये, ताईंची उकड त्या दृष्टीनंही बरोबर आहे. रांगोळीची भुकटी दगडाची असते, ती नाकातोंडात जाते, या वयाला नको. गुंजा आणि एरंडाच्या बिया दिसायला सुंदर, पण विषारी. बाजारात मिळणारे पाण्यात फुगणारे रंगीत जेलीचे मणी अजिबात आणू नका, गिळले तर आतड्यात फुगतात. दोरी, चिंधी वीतभरापेक्षा लांब नको, गळ्याभोवती जाते. आणि घमेल्यात चार बोटं पाणी असलं तरी मोठ्या माणसानं तिथून हलायचं नाही.

मंगळवेढ्याची_आई | सोमवार, सकाळी ७:५०

ताई, राग मानू नका, पण मला हे पटत नाही. मी ७२ चा दुष्काळ पाहिलाय. नऊ वर्षांची होते. आई खडी फोडायला जायची, मी धाकट्या भावाला कडेवर घेऊन तिथंच. लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी खाल्ली आम्ही, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाल्ली. आमच्या घरी ज्वारीचा दाणा जमिनीवर सांडला तर वेचून, कपाळाला लावून परत डब्यात जायचा. आज माझ्या नातवंडांच्या शाळेतून येतं, "एक किलो रंगवलेले तांदूळ पाठवा." खेळून झाले की ते तांदूळ कचऱ्यात. माझ्या पोटात गलबलतं. अन्नाशी खेळायचं नसतं हे शिकवायचं की अन्नाशी खेळायला शिकवायचं?

अंगणातली_ताई | सोमवार, दुपारी २:३०

आई, राग कसा मानेन? तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं, मावशींनाही वाचून दाखवलं.

खरं सांगते, पहिल्या वर्षी मीही तांदूळ रंगवले होते. खाण्याचा रंग घालून पाच किलो. आठवड्यात ओलावा धरला, किडे झाले आणि सगळं फेकावं लागलं. त्या दिवशी मावशी माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या स्वतः विड्या वळून घर चालवायच्या, त्यांना ते फेकणं सहन झालं नाही. त्यानंतर मी नियम केला: जे माणूस खाऊ शकतं ते खेळात फक्त खाण्यासारखं राहिलं नसेल तरच. विरी गेलेलं पीठ. चाळणीतला कोंडा. मक्याची कणसं सोलून झाल्यावरची पानं आणि केस. खेळून झालेली उकड शेजारच्या शेळीला जाते, आणि ती शेळीला भरवायला मुलंच जातात.

माझ्या मते एक गोष्ट तरीही उरते. ज्या मुलाला आई घरी परातीजवळ बसू देते, त्याला वर्गात उकडीची गरज नाही. पण विड्या वळताना मूल जवळ आलं तर तंबाखू हाताला लागते, म्हणून त्याला लांब ठेवतात. मागाच्या खोलीत तर जाऊच देत नाहीत. दिवसभर खाटेवर, हातात मोबाइल. या मुलांना कुठंतरी पिठाची परात मिळायला हवी ना? आणि भाकरीचं पीठ हातानं मळलेलं मूल ताटात भाकरी टाकत नाही, असं मला तरी दिसलंय. तुम्हाला काय वाटतं ते सांगा.

@शेंगाचटणी, तुमच्या मुलाचा हात धरून रंगात घातला हे वाचून वाईट वाटलं. हात कधीच ओढायचा नाही. माझ्या वर्गात असं एक मूल आहे. मी त्याला आधी कोरडं दिलं: कोंडा, कापसाचा गोळा, टॉवेलचा तुकडा. मग ओलं, पण मधे काहीतरी घालून. झिपच्या पिशवीत खळ आणि हळद भरून चिकटपट्टीनं तोंड बंद करायचं आणि बाहेरून दाबायचं. मग चमचा. शेजारी एक ओला आणि एक कोरडा रुमाल कायम ठेवायचा, म्हणजे "लागलं तर लगेच पुसता येतं" हे त्याच्या ताब्यात राहतं. तीन महिन्यांनी त्यानं एक बोट लावलं. आम्ही कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मुद्दाम.

डॉक्टर, तुमचा मनगटाचा परिच्छेद मोठ्या अक्षरांत लिहून दाराशी लावू का?

मुलांचा_डॉक्टर | सोमवार, दुपारी ३:१०

जरूर लावा. आणि @शेंगाचटणी, ताईंनी सांगितलंय तसंच करा. मात्र चिकटपणाच्या जोडीला आवाज, कपड्याची शिवण, केस धुणं, खाण्यातले अगदी मोजकेच पदार्थ असं बरंच काही त्याला सहन होत नसेल, किंवा बोलणं आणि नजर देणं कमी वाटत असेल, तर वाट बघत बसू नका. बालविकासतज्ज्ञांना एकदा दाखवा. नुसता चिकटपणाचा तिटकारा बऱ्याच मुलांना असतो.

मंगळवेढ्याची_आई | सोमवार, सायंकाळी ६:२०

शेळीला जातं म्हणालात, बरं वाटलं. आमच्याकडं विरी गेलेलं पीठ गुरांनाच घालायचे. पण तांदूळ रंगवणाऱ्या शाळांना तुम्ही हे सांगा, तुमचं ऐकतील.

आणि मुलांना हुरड्याच्या दिवसांत एक आख्खं कणीस हातात द्या. दाणे काढायला नाही, नुसतं धरायला. खालून वर हात फिरवला की एक लागतं, वरून खाली फिरवला की वेगळं लागतं. मालदांडी ज्वारीचं कणीस चांगलं भरीव असतं.

बालशिक्षण_वाचक | सोमवार, रात्री १०:०५

थोडी जुनी आठवण करून देते, कारण हा सगळा विचार आपल्याच महाराष्ट्रात झालेला आहे. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डीला गेल्या आणि १९५७ मध्ये कोसबाडला. आदिवासी पाड्यांवर महागडी माँटेसरी साधनं परवडणार नव्हती. मग शिंपले, पानं, बिया, खडे, माती हीच साधनं झाली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. सरकारची अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ची, म्हणजे नंतरची. त्यामुळं ताई, कुणी "हे कसले नवीन फॅड" म्हणालं तर सांगा की आपल्या राज्यात याला पाऊणशे वर्षं होऊन गेली.

उन्हाळी_सुट्टी | मंगळवार, सकाळी ११:२०

मी अंगणवाडी सेविका, दक्षिण सोलापूर. मार्चपासून आमच्या पत्र्याच्या खोलीत साडेदहानंतर बसवत नाही. त्या दिवसांत चालणारे दोन खेळ.

सब्जा. दोन चमचे सब्जा तांब्याभर पाण्यात, पंधरा-वीस मिनिटांत फुगतो. परातीत ओतून चमचा, गाळणी, वाट्या द्यायच्या. बुळबुळीत, गार, वासही छान. तोंडात गेला तरी भिजलेला असतो. कोरडा सब्जा मात्र मुलांच्या हाताला लागू द्यायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या जेलीच्या मण्यांऐवजी हा.

बर्फ. वाटीत पाणी, त्यात गुलाबाच्या पाकळ्या नाहीतर कडुनिंबाचं पान घालून शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये रात्रभर. सकाळी वाटीएवढा गोळा परातीत. लहान तुकडे नकोत, घशात जातात. मुलं फुंकतात, चाटतात, पाकळी बाहेर निघायची वाट बघतात. पाकळी सुटली की सगळी मुलं गोळा होतात.

रंग हवा असेल तर हळदीचं पाणी कागदावर फासा, आणि मोठ्या माणसानं चमचाभर खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून त्यात बुडवलेला कापूस मुलाच्या हातात द्या. जिथं लागेल तिथं पिवळ्याचं लाल होतं. आयांना हे ठाऊकच असतं, हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतोच. लिंबू पिळलं की परत पिवळं. त्या दिवशी जुने कपडे घालून पाठवायला सांगा, हळद निघत नाही.

गड्ड्यातली_खेळणी | मंगळवार, दुपारी १:४५

मैद्याचा टिकाऊ गोळा कसा करायचा? ज्वारीची उकड दुपारपर्यंत चिरते.

अंगणातली_ताई | मंगळवार, दुपारी ४:१५

ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतोच, म्हणून ती ताणली की तुटते. ती त्याच दिवशी संपवायची. मैद्याचा टिकतो: दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी मीठ, दोन वाट्या पाणी, दोन चमचे तेल, चमचाभर लिंबाचा रस. सगळं गार असतानाच कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं, कडा सोडून गोळा झाला की उतरवून तेलाच्या हातानं मळायचं. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये आठवडाभर. मीठ जास्त असल्यानं जे मूल अजून सगळं तोंडात घालतं त्याला हा द्यायचा नाही, त्याला ज्वारीचीच उकड.

या दोन्हींत मुलांचं वागणं वेगळं असतं. मैद्याचा गोळा ती ओढतात, लांब करतात. ज्वारीची उकड थापतात आणि मोडतात. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा झाली की आठवडाभर मैद्याच्या प्रत्येक वळीचा नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच काठी होते. उभा राहत नाही, वाकतो. मग एक जण येऊन त्यात कडब्याची काडी खुपसतो आणि तो उभा राहतो. गेल्या वर्षी त्यांनी सात उभे केले. सात आकडा त्यांना मोजता येत नव्हता, पण मिरवणुकीत जितके पाहिले तितके त्यांना हवेच होते. मी एक काढून बघितला तर एकानं येऊन परत लावला.

मातीबद्दल कुणी विचारलं नाही, तरी लिहिते. आपली काळी माती हाताला फार चिकटते आणि वाळली की तडकते. कुंभाराकडची मळलेली माती घ्यावी. बैलांच्या सणाच्या, बेंदराच्या आधी तिथं मिळते.

त्या बाबांविषयी: डॉक्टरांचा मजकूर दाराशी लावलाय. ते अजून पटलेले नाहीत. सोमवारी परत विचारलं, "अक्षरं कधी?" पण आज न्यायला आले तेव्हा मुलगी टॉवेल पिळत होती. तिनं त्यांना थांबायला लावलं. पूर्ण पिळून, झटकून, दोरीवर टाकेपर्यंत ते चपला घालून दारातच उभे होते. टॉवेलची घडी त्यांनी स्वतः सरळ केली.

@कांडीवाला काका, क्रेट उभा केलाय. चिंध्या वीतभर कापल्यात. तुम्ही एखाद्या सकाळी वर्गात याल का? धोटा घेऊन. सुताशिवाय, नुसता.

कांडीवाला | मंगळवार, सायंकाळी ७:३०

येतो की. धोट्याची टोकं लोखंडी असतात, टोचतील. त्याला कापड गुंडाळून आणतो.

शेंगाचटणी | शुक्रवार, रात्री ९:५०

ताई, कळवायचंच होतं. तुम्ही सांगितलं तशी खळीची पिशवी केली. पहिले दोन दिवस त्यानं ती पायानं ढकलली. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाक करताना तो ओट्याखाली बसून ती दाबत होता. आज सब्जा केला. त्यानं चमच्यानं अर्धा तास या वाटीतून त्या वाटीत केलं. शेवटी एक थेंब मनगटावर उडाला. मी श्वास रोखून बघत होते. त्यानं कोरड्या रुमालानं पुसलं, आणि परत चमचा उचलला.

एक अडचण झाली. सगळं मोरीत ओतलं, पाणी तुंबलंय. काय करू?

उन्हाळी_सुट्टी | शुक्रवार, रात्री १०:१०

जाळी उचलून हातानं काढा. पुढच्या वेळी जुन्या ओढणीतून गाळा आणि सब्जा कुंडीत. तुळशीच्या कुंडीत नका टाकू, तो तिथं उगवतो आणि रोपं सारखीच दिसतात.